इंग्लंडच्या खेड्यात घर घेताय? आधी सांडपाणी कुठे जातं ते विचारा

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या घरांच्या जाहिराती साधारण एकाच वळणाच्या असतात. दगडी भिंती, दारावर चढलेला गुलाब, आत शेकोटी, मागे सफरचंदाची दोन झाडं, कोपऱ्यावर पब. फोटो बहुधा जूनमधले. लंडन, रेडिंग किंवा लेस्टरमध्ये बरीच वर्षं काढलेली, घरून काम करायची मुभा मिळालेली मंडळी असा फोटो बघतात आणि हिशेब मांडतात, की इथल्या फ्लॅटच्या पैशांत तिथे अंगणासकट घर येईल. अनेक ठिकाणी ते खरंही आहे. पण हा हिशेब अर्धाच असतो.

शहरात तुम्ही घर घेता. पाणी, गॅस, गटार आणि रस्ता दुसरं कुणीतरी सांभाळतं. खेड्यात यातल्या बऱ्याच गोष्टी घराबरोबर तुमच्या गळ्यात पडतात, आणि त्यांच्यासोबत काही शतकांची जुनी देणी, हक्क आणि अटीही. म्हणून घर बघायला गेलात की स्वयंपाकघर किती मोठं आहे हे नंतर विचारा. पहिला प्रश्न सांडपाण्याचा. (हे सगळं इंग्लंडपुरतं. वेल्समध्ये बरंचसं असंच चालतं, करांचे नियम मात्र वेगळे. स्कॉटलंडचा कायदा तर मुळातच निराळा.)

पाइप, टाकी आणि तार

गावात सार्वजनिक गटार नसेल तर घराला सेप्टिक टँक असते. मैला खाली बसतो, वरचं पाणी जमिनीत पसरलेल्या सच्छिद्र पाइपांच्या जाळ्यातून मुरतं आणि ठरावीक काळाने टँकर बोलावून गाळ उपसावा लागतो. इथवर कोकणातल्या माणसाला नवीन काही नाही. गोम नियमांत आहे. २०१५ पासून इंग्लंडमध्ये अशा टाक्यांसाठी सर्वसाधारण नियम लागू झाले, आणि त्यांनुसार सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात किंवा चरात सोडायला बंदी आहे. जुन्या टाक्यांना बदलासाठी १ जानेवारी २०२० पर्यंतची मुदत होती. ती उलटून गेली तरी नियमात न बसणाऱ्या टाक्या अजून सापडतात. विकणाऱ्याला बहुतेक वेळा त्याची कल्पनाच नसते. आजोबांच्या काळापासून पाणी जातंय ते जातंय. अशी टाकी तुमच्या नावावर आली तर छोटं शुद्धीकरण यंत्र बसवायचा किंवा पाणी मुरवणारं पाइपांचं नवं जाळं खणायचा हजारो पौंडांचा खर्चही तुमच्याच नावावर येतो. म्हणून घराच्या नेहमीच्या तपासणीखेरीज सांडपाण्याच्या जाणकाराकडून वेगळी तपासणी करून घ्या. टाकी कुणाच्या जमिनीत आहे हेही बघा. ती शेजाऱ्याच्या शेतात असू शकते किंवा तीन घरांत मिळून एक असू शकते. मग उपसायचा खर्च कोण देणार आणि टँकर कुणाच्या फाटकातून जाणार, हे कागदावर हवं.

गॅसची पाइपलाइनही बऱ्याच खेड्यांत पोहोचलेली नाही. तिथे घर तापतं ते हीटिंग ऑइलवर, म्हणजे चक्क रॉकेलवर. आपण रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभे राहायचो ते रॉकेल इथे परसातल्या हजार-दोन हजार लिटरच्या टाकीत असतं. बहुतेक पुरवठादार एका वेळी ५०० लिटरपेक्षा कमी देत नाहीत, म्हणजे बिल महिन्याला थोडं थोडं येत नाही, एकदम येतं. घरगुती गॅस आणि विजेच्या दरांवर ऑफजेम ही नियामक संस्था कमाल मर्यादा घालते. तेलाला ती लागू नाही. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनच्या युद्धामुळे भाव भडकले, तेव्हा हा फरक खेड्यांतल्या लोकांना चांगलाच कळला. त्यामुळे अनेक गावांत शेजारी मिळून एकत्र मागणी नोंदवतात आणि थोडा स्वस्त दर मिळवतात. नव्या गावात ओळखी करून घ्यायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, पबपेक्षाही. बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत आणणारं विजेवरचं यंत्र, बसवायचा असेल तर सरकार ७,५०० पौंडांचं अनुदान देतं. पण फटीफटींतून वारा शिरणाऱ्या घरात नुसता पंप बसवून भागत नाही. आधी छत आणि खिडक्यांकडे बघावं लागतं.

वीज येते खांबांवरच्या तारांतून, आणि तारांवर झाडं पडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळ आलं तेव्हा उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या काही घरांत आठवडाभराहून जास्त काळ वीज नव्हती. भरीला तांब्याच्या तारेवरची जुनी फोन सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहे. नवा फोन राउटरवर चालतो, म्हणजे वीज गेली की तोही गेला. अशा वेळी भिंतीपाशी मोबाइलचा सिग्नल येतो का? जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. घर बघायला जाल तेव्हा एजंट बोलत असताना मागच्या खोलीत जाऊन एक फोन लावून बघा. इंटरनेटचंही तसंच. ‘गावात फायबर आलंय’ या वाक्याला काही अर्थ नाही. गाव म्हणजे चर्चपासचा चौक की तीन शेतं ओलांडून असलेलं तुमचं घर? नेमका पत्ता घालून तपासा. घरून काम करायच्या भरवशावर गाव निवडलं असेल तर ही तपासणी गहाणाच्या व्याजदराइतकीच महत्त्वाची.

भिंतींना श्वास घेऊ द्या

इंग्लंडची जुनी घरं त्या त्या मातीतून उगवल्यासारखी आहेत. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, नॉरफोकमध्ये गारगोटी, हेरफर्डशरमध्ये काळ्या लाकडी चौकटी, आणि डेव्हनमध्ये चिखल आणि पेंढा तुडवून बांधलेल्या मातीच्या भिंती. डेव्हनचे लोक म्हणतात की अशा भिंतीला चांगली टोपी आणि चांगले बूट द्या, ती टिकते. टोपी म्हणजे पुढे आलेलं छप्पर, बूट म्हणजे दगडी जोतं. देशावरच्या मातीच्या धाब्याच्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

या भिंती भरीव असतात, मध्ये पोकळी नसते. ओल आत शिरते आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाऱ्याने वाळून बाहेर जाते. मागच्या शतकात कुणीतरी त्यावर सिमेंट फासलं किंवा प्लास्टिकचा रंग मारला की ती ओल आत कोंडते आणि भिंत कुजू लागते. मग ओल थांबवायचा धंदा करणारा माणूस रसायनं टोचून ओल थांबवायचं महागडं काम सुचवतो, आणि पुष्कळदा खरा उपाय सिमेंट काढून पुन्हा चुना लावणं हाच असतो. जुन्या घरासाठी सर्वेक्षकांच्या रिक्स या संस्थेच्या तीन पातळ्यांपैकी तिसरी, म्हणजे सर्वांत सखोल तपासणी करा. सर्वेक्षक जुन्या बांधकामाची सवय असलेला निवडा. गहाण देणाऱ्या बँकेचा माणूस येऊन जातो तो घराची किंमत कर्जाला पुरेशी आहे का एवढंच बघतो. ते काम बँकेसाठी असतं, तुमच्यासाठी नाही.

गवताने शाकारलेलं छप्पर दिसायला सुरेख. पण माथ्याची ओळ साधारण दहा-पंधरा वर्षांनी नव्याने बांधावी लागते, विमा महाग पडतो, आणि विमा कंपनी धुराडं नियमित साफ केल्याची पावती मागते. हे काम जाणणारे कारागीर मोजके. बोलावल्यावर लगेच येतील अशी आशा ठेवू नका.

आता ‘लिस्टेड’ घरांबद्दल, कारण इथे चूक झाली तर प्रकरण थेट फौजदारी कायद्याच्या कक्षेत जातं. वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतींचे तीन दर्जे आहेत: पहिला, दुसरा-तारांकित आणि दुसरा. दहांतल्या नऊहून अधिक इमारती साध्या दुसऱ्या दर्जाच्या. १७०० पूर्वीची, मूळ रूपात बऱ्यापैकी टिकलेली इमारत बहुधा यादीत असतेच. लोकांची समजूत अशी, की दुसरा दर्जा म्हणजे फक्त दर्शनी बाजू जपायची. तसं नाही. संरक्षण सगळ्या इमारतीला, आतल्या जिन्याला, दाराला, तुळईलासुद्धा. परवानगीशिवाय तिचं स्वरूप बदलणं हा १९९० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि आधीच्या मालकाने १९९५ मध्ये गुपचूप प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील, तर त्या काढून टाकण्याची नोटीस आजच्या मालकावर, म्हणजे तुमच्यावर, येऊ शकते. त्याला कालमर्यादा नाही. म्हणून आधी झालेल्या प्रत्येक बदलाच्या परवानगीचे कागद वकिलाकरवी मागवा. घर यादीत नसलं तरी गाव संवर्धन क्षेत्रात असू शकतं. लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड १९६७ साली असं पहिलं क्षेत्र ठरलं; आज इंग्लंडभर सुमारे दहा हजार आहेत. तिथे अंगणातलं मोठं झाड तोडायलाही आधी कळवावं लागतं. छपरात वटवाघळं राहत असतील तर ती आणि त्यांचा आसरा दोन्ही कायद्याने संरक्षित. ती घालवायचा विचार मनातून काढून टाका.

जमिनीला चिकटलेली देणी

वॉरिकशरमध्ये ॲस्टन कँटलो नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका शेतघराच्या मालकांना गावच्या चर्चने दुरुस्तीसाठी सुमारे ९५ हजार पौंडांची मागणी पाठवली. कारण? मध्ययुगात चर्चच्या वेदीकडच्या भागाची देखभाल तिथल्या मुख्य धर्माधिकाऱ्याकडे असे, आणि त्यासाठी त्याला जमिनीचं उत्पन्न मिळे. राजा आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, त्या जमिनी खासगी लोकांकडे गेल्या आणि देखभालीचं ओझं जमिनीबरोबर गेलं. मालक न्यायालयात गेले. २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल चर्चच्या बाजूने दिला. नंतरच्या वर्षांत आकडा आणखी वाढला आणि शेवटी त्यांना ते शेतघर विकावं लागलं.

घाबरून जायचं कारण नाही. ऑक्टोबर २०१३ पासून असं ओझं जमीन नोंदणीत दिसत नसेल तर साधारणपणे नव्या खरेदीदाराला ते लागत नाही. पण तेव्हापासून एकदाही विकलं न गेलेलं घर तुम्ही घेत असाल तर प्रश्न उरतो. वकील एक छोटी तपासणी करतो किंवा थोड्या पौंडांत एकरकमी विमा काढतो. हे उदाहरण एवढ्यासाठी दिलं, की खेड्यातल्या जमिनीला किती जुन्या गोष्टी चिकटून राहतात हे लक्षात यावं.

नोंदणी कशी चालते? आपल्याकडे सात-बारा पाहतो तसा इथे एचएम लँड रजिस्ट्रीचा उतारा. कुणीही, कुणाच्याही घराचा, ७ पौंड भरून ऑनलाइन काढू शकतो. मालक कोण, बोजा काय, हद्द साधारण कुठून, हे त्यात येतं. इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र सक्तीची नोंदणी १ डिसेंबर १९९० पासून झाली, तीही मुख्यतः मालमत्ता विकली गेली की. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबात राहिलेलं घर अजून नोंदलेलंच नसेल, असं खेड्यात होतं. मग जुनी खतं, कधी हाताने काढलेला नकाशा, आणि वकिलाचे जास्तीचे आठवडे.

वहिवाटीकडे नीट बघा. घरापर्यंतची गल्ली कुणाची? ती सार्वजनिक रस्ता नसेल तर त्यावरून जायचा कायमचा हक्क कागदावर हवा, नुसती ‘इतकी वर्षं जातोच आहोत’ ही साक्ष नको. गल्ली आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची हातभर पट्टी दुसऱ्याच्या मालकीची निघाली तर तो तुम्हाला बांधकामाच्या वेळी अडवून पैसे मागू शकतो. उलट बाजूने, तुमच्या आवारातून सार्वजनिक पायवाट जात असू शकते. इंग्लंड-वेल्समध्ये अशा वाटा एकूण सुमारे १ लाख ४० हजार मैलांच्या आहेत, आणि काही थेट परसातून, कधी स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जातात. चालणाऱ्यांना अडवणं, फाटकाला कुलूप घालणं बेकायदा. रविवारी सकाळी कुत्री घेतलेली अनोळखी माणसं खिडकीशी ‘मॉर्निंग’ म्हणून जातील. काहींना ते आवडतं. मला वाटतं, आवडणार नसेल तर अशा घराकडे जाऊच नये. वाट हलवण्याचे अर्ज वर्षानुवर्षं रेंगाळतात.

एखादं घर आसपासच्या घरांपेक्षा फारच स्वस्त दिसलं तर हुरळण्याआधी कारण शोधा. नेहमीची कारणं दोन. पहिलं, शेतीचं बंधन: हे घर बांधायला परवानगीच या अटीवर मिळाली, की त्यात शेतीत काम करणारा किंवा शेवटचं काम शेतीत केलेला माणूस आणि त्याचं कुटुंब राहील. सॉफ्टवेअरवाल्याला ते घेता येईल, पण अट मोडून राहिल्याबद्दल कारवाई होऊ शकते. दुसरं, पूर्वीचं काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक प्रशासनाने भाड्याने द्यायला बांधलेलं आणि नंतर विकलेलं घर. राष्ट्रीय उद्यानांत आणि ठरवून दिलेल्या ग्रामीण भागांत १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याचं १५७ वं कलम अशा घरावर अट घालू शकतं, की खरेदीदाराने तीन वर्षं त्या भागात राहिलेलं किंवा काम केलेलं असावं. गावातल्या मुलांना गावात घर मिळावं हा हेतू. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्‌सच्या लोकांनी २०१६ मध्ये मतदान करून याहून पुढचं पाऊल टाकलं: तिथली नवी घरं कायम राहणाऱ्यांसाठीच, सुट्टीतल्या बंगल्यांसाठी नाहीत.

काही गावांत तर विकत घ्यायला घरच नसतं. विल्टशरमधलं लॅकॉक जवळजवळ सगळंच्या सगळं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे, १९४४ मध्ये दान मिळालेलं. लोक तिथे भाड्याने राहतात. जमीनदार घराण्यांच्या इस्टेटीतली गावंही अशी असतात.

एक गोष्ट मराठी माणसाला सुखद धक्का देते: इथे शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही, नागरिकत्वसुद्धा नाही. पण घरामागचं शेत घेऊन त्यात हिरवळ, झोपाळा, मुलांची घसरगुंडी असं केलंत तर तो जमिनीच्या वापरातला बदल होतो आणि त्याला परवानगी लागते. ‘पाव एकर बाग’ अशी जाहिरात असेल तर त्यातली बाग किती आणि शेत किती, हे विचारा.

पुराचंही बघा. नदीकाठचं गाव सुंदर असतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने ते बुडतं. सॉमरसेटच्या पाणथळ सपाटीवरचं मचेलनी २०१४ च्या हिवाळ्यात बेट झालं होतं. लोक होडीने ये-जा करत होते. एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा पुराचा नकाशा फुकट बघता येतो. पूरप्रवण घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून २०१६ पासून फ्लड री ही योजना आहे, पण ती २००९ पूर्वी बांधलेल्या घरांनाच, आणि २०३९ मध्ये संपणार आहे. पंचवीस वर्षांचं कर्ज घेताय, तर हे साल लक्षात असू द्या.

सौदा: तोंडी शब्दाला किंमत नाही

विक्रेत्याने तुमची किंमत मान्य केली, हातात हात दिला, एजंटने पाटीवर ‘सोल्ड’ चिकटवलं. कायद्याच्या लेखी अजून काहीच झालेलं नाही. आपल्याकडे इसार दिला की थोडीफार बांधिलकी येते. इथे कंत्राटांची अदलाबदल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही, काहीही कारण न देता, फुकटात मागे फिरू शकतो. दुसरा कुणी पाच हजार जास्त देतो म्हणाला तर विक्रेता त्याच्याकडे वळतो, आणि तुम्ही वकिलावर, तपासणीवर केलेला खर्च गेला. एजंट विक्रेत्याचा माणूस असतो हे गोड बोलण्यात विसरायला होतं.

अदलाबदल म्हणजे आपलं साठेखत समजा. त्या दिवशी साधारण १० टक्के रक्कम भरायची, आणि मग मागे फिरलात तर ती बुडते. खरेदी पूर्ण होण्याचा दिवस त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन अंगठा-फोटो असं काही नाही. वकील पैसे पाठवतो, समोरच्या वकिलाला मिळाले की एजंट किल्ली देतो. किंमत मान्य होण्यापासून किल्लीपर्यंत तीन-चार महिने लागले तर नशीब समजा. उशिराचं मोठं कारण साखळी: तुमचा विक्रेता दुसरं घर घेतोय, त्याचा विक्रेता तिसरं, आणि एकाचं कर्ज अडलं की सगळे अडतात. लिलावात मात्र उलटं. हातोडा पडला की करार झाला, आणि साधारण २८ दिवसांत सगळे पैसे. मोडकळीला आलेली गावाकडची घरं पुष्कळदा लिलावात येतात. कागद आधी वकिलाला दाखवल्याशिवाय हात वर करू नका.

वकील शक्यतो ग्रामीण मालमत्तेची कामं करणारा घ्या. ऑनलाइन स्वस्तातली सेवा शहरातल्या नव्या फ्लॅटला ठीक. सेप्टिक टँक शेजाऱ्याच्या शेतात असलेल्या घराला नाही. जागेप्रमाणे जास्तीच्या तपासण्याही असतात. कॉर्नवॉलमध्ये जुन्या कथलाच्या खाणी, काही भागांत जमिनीतून येणारा रेडॉन वायू. भारतातून आई-वडिलांनी पैसे पाठवले असतील तर वकील त्यांचा उगम विचारणारच, आणि बँक ते कर्ज नसून भेट असल्याचं पत्र मागेल. फिक्स्ड डिपॉझिट मोडल्याच्या, फ्लॅट विकल्याच्या पावत्या आधीच गोळा करून ठेवा.

पुण्यातला फ्लॅट इथे आडवा येतो

मुद्रांक शुल्काचा हा भाग पुष्कळ भारतीय कुटुंबांना उशिरा कळतो, म्हणून जरा सावकाश. १ एप्रिल २०२५ पासूनचे दर असे: पहिल्या १ लाख २५ हजार पौंडांवर शून्य, तिथून अडीच लाखांपर्यंतच्या भागावर २ टक्के, अडीच लाख ते सव्वानऊ लाखांवर ५ टक्के, त्यापुढे आणखी चढे. तीन लाखांचं घर घेतलं तर २,५०० अधिक २,५००, म्हणजे ५,००० पौंड. आयुष्यातलं पहिलंच घर असेल तर तीन लाखांपर्यंत शून्य.

पण ‘पहिलं घर’ म्हणजे जगात कुठेही पहिलं. कोथरूडला तुमच्या नावावर फ्लॅट आहे किंवा पूर्वी होता, तर ही सवलत गेली. त्याहून मोठा फटका पुढे आहे. खरेदीच्या दिवशी तुमच्या मालकीचं दुसरं घर कुठेही असेल, आणि त्यातल्या तुमच्या वाट्याची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल, तर सगळ्या किमतीवर ५ टक्के जादा शुल्क लागतं. तीन लाखांवर १५,००० पौंड, म्हणजे एकूण ५,००० ऐवजी २०,०००. नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर फ्लॅट असला तरी दोघांना धरलं जातं. इथलं जुनं राहतं घर विकून त्याच्या जागी नवं घेत असाल तर जादा शुल्कातून सुटका होते. वारशाने आलेला निम्मा किंवा त्याहून कमी वाटा पहिली तीन वर्षं धरत नाहीत. आणि खरेदीच्या आधीच्या वर्षभरात १८३ दिवस ब्रिटनमध्ये नसाल तर आणखी २ टक्के. वाड्यातला हिस्सा, काकांनी बक्षीसपत्राने दिलेली खोली, हे सगळं वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. घर बघायला लागण्याआधी सांगितलंत तर उत्तमच.

राहायला गेल्यावर

गाडी लागते. दोघं कामाला जाणारे असाल तर दोन गाड्या. १९६३ च्या बीचिंग अहवालाने २,३६३ रेल्वे स्थानकं बंद करण्याची शिफारस केली. त्यातली बरीच खेड्यांची होती, आणि त्या धक्क्यातून कित्येक गावं सावरलीच नाहीत. बस असली तरी दिवसातून दोन-तीन, रविवारी बहुधा नाहीच. भाडं सध्या जास्तीत जास्त ३ पौंड ठेवलंय, पण बसच नसेल तर मर्यादेचं काय करायचं! मुलांसाठी आठ वर्षांखालच्यांना योग्य शाळा दोन मैलांपलीकडे आणि मोठ्यांना तीन मैलांपलीकडे असेल तर काउन्सिल फुकट वाहतूक देतं. डॉक्टरांचं एक बरं असतं: औषधाचं दुकान १.६ किलोमीटरहून लांब असेल तर ग्रामीण भागातले काही दवाखाने स्वतःच औषधं देतात.

रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंनी कुंपणाच्या उंच झुडपांच्या भिंती. समोरून ट्रॅक्टर आला की जवळच्या रुंद जागेपर्यंत मागे जायचं आणि हात वर करून आभार मानायचे. हात न करणारा नवखा लगेच ओळखू येतो. ऑगस्टमध्ये पाऊस यायच्या आत कापणी उरकायची म्हणून कंबाइन रात्री उशिरापर्यंत चालतात. शेतात शेण पसरलं की आठवडाभर वास. चर्चच्या घंटा, शेजारच्याचा कोंबडा. तक्रार करणारा ‘शहरातून आलेला’ अशी ख्याती पसरायला एक दिवस पुरतो. माझं मत असं, की आधी तिथेच एक नोव्हेंबर ते फेब्रुवारी भाड्याने राहून बघावं. चार वाजता अंधार, चिखलाने भरलेली गल्ली, बंद पडलेलं दुकान हे सगळं बघूनही गाव आवडलं तर ते खरोखर आवडलेलं असतं.

दुकान आणि पब टिकवणं हे अनेक गावांचं सामूहिक काम झालंय. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या गावकऱ्यांनी २००३ मध्ये पैसे जमवून तिथला ओल्ड क्राउन हा पब सहकारी तत्त्वावर विकत घेतला. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार गाव एखादा पब किंवा दुकान सामुदायिक मालमत्ता म्हणून नोंदवून घेऊ शकतं. मग विक्रीच्या वेळी गावाला पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत वेळ मिळतो. अशा दुकानात आठवड्यातून दोन तास गल्ल्यावर उभं राहायला माणसं हवीच असतात. हिंग-कोकम तिथे मिळणार नाही, ते लेस्टरहून किंवा ऑनलाइन आणायचं. बहुतेक गावांत तुमचंच एक भारतीय कुटुंब असेल. कुतूहल होईल, कधी एखादा अडाणी प्रश्न येईल, पण नाव मात्र सगळ्यांना आठवडाभरात पाठ होईल.

गावाचा कारभार १८९४ पासून चालत आलेल्या पॅरिश काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीकडे. अधिकार थोडेच: खेळाचं मैदान, दफनभूमी, बसथांबा, भाजीपाल्याचे भाड्याचे वाफे. तुमच्या काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरपट्टीच्या, बिलात तिच्या वाट्याची वेगळी ओळ दिसते. तुमच्या बांधकामाला परवानगी जिल्ह्याची काउन्सिल देते, पण मत पॅरिशचंही विचारलं जातं आणि बैठकीला शेजारी येऊन बसतात. म्हणून मागच्या वर्षभराची इतिवृत्तं घर घ्यायच्या आधी वाचा. ती सहसा संकेतस्थळावर असतात. गावाबाहेरच्या शेतात दीडशे घरांची वसाहत येऊ घातली आहे का, गटार दर पावसाळ्यात कुठे तुंबतं, कोण कुणाशी कशावरून भांडतंय, हे एजंट सांगणार नाही, इतिवृत्तात असतं. लहान काउन्सिलांना सदस्य मिळता मिळत नाहीत, त्यामुळे रिकाम्या जागा पुष्कळदा निवडणुकीविना नेमणुकीने भरतात. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्याने, व्हिसावर रीतसर राहत असले तरी, इथे मत देऊ शकतात. कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल आणि त्या पॅरिशमध्ये किंवा तीन मैलांच्या आत वर्षभर राहिलेले असाल तर सदस्यही होता येतं. जागा रिकामी असल्याची सूचना गावाच्या फलकावर लागते आणि अर्ज काउन्सिलच्या क्लार्ककडे द्यायचा असतो.